वरदाताई आणि न उचललेली ताटं

लीड्समधल्या मूरटाउनच्या रविवारच्या मराठी शाळेत वरदाताई चौबळांनी दहा वर्षांच्या पोरांच्या हातात सुऱ्या दिल्या, एकाचं बोट तुटलं, अँब्युलन्स आली आणि आता कौन्सिलचे लोक चौकशीला येणार, ही बातमी लीड्सच्या मराठी मंडळात रविवारी दुपारी सुटली आणि सोमवारी सकाळी मँचेस्टरला पोचली. मँचेस्टरला पोचेपर्यंत तुटलेली बोटं दोन झाली होती.

आता खरं काय ते ऐका. सुऱ्या दिल्या होत्या. वरदाताई ते कधी नाकारायच्या नाहीत, उलट कुठल्या सुऱ्या आणि किती धारेच्या तेही सांगतील. अँब्युलन्सही आली होती. पण ती आली होती, शाळा भरते त्या चर्चच्या हॉलच्या पलीकडच्या खोलीत, जिथे पेन्शनर मंडळींचा लाइन डान्सिंगचा क्लास भरतो. तिथले एक आजोबा जरा जास्तच रंगात आले आणि चक्कर येऊन खाली बसले. अँब्युलन्सवाल्या मुलीने जाता जाता आपल्या पोरांनी केलेली कोशिंबीर चाखली आणि काकडी छान चिरलीय म्हणाली. वर्गातली सगळी बोटं ज्याच्या त्याच्या हाताला शाबूत होती. पण अफवा सगळे फॉरवर्ड करतात, खुलासा कोण करतो?

वरदाताईंचा राग ही मूरटाउनमधली एक बघण्यासारखी गोष्ट आहे. त्या ओरडत नाहीत, आपटाआपट करत नाहीत. राग आला की त्या ओटा पुसतात. थोडा राग असला तर एकदा, जास्त असला तर व्हिनेगर घालून, आणि फारच असला तर टोस्टर, किटली, मायक्रोवेव्ह सगळं उचलून खालूनसुद्धा. त्यांचे यजमान गिरीश संध्याकाळी ऑफिसचा लॅपटॉप मिटून खाली आले की आधी ओट्याकडे बघतात. "आज त्यात माझं तोंड दिसतंय," असं ते शेजाऱ्यांना कुंपणावरून हळूच सांगतात, "म्हणजे मंडळाचा काहीतरी मेसेज आलेला आहे."

त्या सोमवारी ओट्यात गिरीशचं तोंडच काय, मागच्या भिंतीवरचं घड्याळसुद्धा दिसत होतं.

हा राग लीड्सचा नाही. फार जुना आहे, आणि बराच प्रवास करून आलेला आहे.

वरदाताई नागपूरच्या, धरमपेठेतल्या. त्यांनी होम सायन्सची पदवी घेतली तेव्हा घरात आनंदीआनंद झाला, कारण स्थळांना सांगायला बरं. सूक्ष्मदर्शकाखाली कापसाचा धागा कसा दिसतो, लहान मूल कुठल्या वयात काय उचलतं, डाळ-तांदूळ एकत्र खाल्ल्याने शरीराला काय मिळतं, असं बरंच काही त्या शिकल्या. बघायला आलेल्या मंडळींतल्या आत्याबाईंनी एवढंच विचारलं, "म्हणजे पुरणपोळी येत असेल." वरदाताई गप्प बसल्या. त्या गप्प बसल्याचा तो शेवटचा प्रसंग, असं गिरीश म्हणतात. ते स्वतः त्या वेळी समोरच बसलेले होते आणि पोहे फार छान झाले होते, एवढंच त्यांना आठवतं.

पुढे गिरीशना कंपनीने जपानला पाठवलं. कावासाकीत घर मिळालं, कुशल तिथल्या प्राथमिक शाळेत जाऊ लागला आणि पाचवीत गेला. वर्ष सुरू होऊन थोडे दिवस झाले तोच त्याच्या दप्तरातून एक रंगीत कॅटलॉग निघाला. शिवणकामाच्या पेट्या. आत सुया, दोरे, कात्री, मोजपट्टी, आणि झाकणावर हवं ते चित्र. कुशलने आग ओकणारा ड्रॅगन निवडून त्यावर गोल करून ठेवला होता.

वरदाताईंना वाटलं, शाळेची चूक झालीय. मुलींचं पत्रक मुलाला आलंय.

दुसऱ्या दिवशी त्या कॅटलॉग घेऊन शाळेत गेल्या. सोबत ओगुरा-सान होत्या. या ओगुरा-सान म्हणजे नुकत्याच निवृत्त झालेल्या प्राथमिक शिक्षिका, वॉर्ड ऑफिसात परदेशी आयांना हौसेने जपानी शिकवायच्या आणि गरज पडली तर दुभाषाचं काम करायच्या. वर्गशिक्षक तरुण होता, शर्टाच्या बाह्या दुमडलेला, खांद्यावर खडूची पांढरी बोटं. वरदाताईंनी अदबीने सांगितलं की आमचा कुशल मुलगा आहे. ओगुरा-सानांनी भाषांतर केलं. शिक्षक म्हणाला, हो, मुलगा आहे. वरदाताई वाट बघत राहिल्या. शिक्षकही वाट बघत राहिला. शेवटी त्याने काळजीने विचारलं, त्याला ड्रॅगन नको आहे का?

होम सायन्सची पदवी असलेली बाई ही चूक करून आली, यावर वरदाताई आजही हसत नाहीत. तुम्ही हसलात तर बघतात मात्र.

परत येताना ओगुरा-सानांनी त्यांना स्टेशनजवळ बसवून या तासाची सगळी कुळकथा सांगितली. पूर्वी, म्हणजे त्यांच्या पणजीच्या काळी, लोक मुलींना शाळेत पाठवतच नव्हते. पाठवाव्यात म्हणून सरकारने शाळेत शिवण घातलं. मग मुली आल्या आणि मुलगे हिशेब करत असताना मान खाली घालून टाके घालत बसल्या. महायुद्ध संपल्यावर दोन वर्षांनी नवीन विषय निघाला, पाचवी-सहावीसाठी, मुलगे आणि मुली एकत्र. तो काढणाऱ्यांनी तीन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. जुनं घरकाम आणि जुनं शिवण यांची बेरीज म्हणजे हा विषय नव्हे. हा मुलींचा विषय नव्हे. आणि हा नुसता हातकामाचा विषय नव्हे. ओगुरा-सान हे तीन 'नव्हे' बोटांवर मोजून म्हणाल्या, एखादा मंत्र म्हणावा तसे. लगेच काही मोठ्या लोकांना प्रश्न पडला की हे शाळेत कशाला, घरी आया शिकवतीलच की. विषय बंद व्हायची वेळ आली. शिकवणाऱ्या बायका अडून बसल्या, म्हणून टिकला.

"मी लहान असताना आम्ही एकत्रच भात शिजवायचो," ओगुरा-सान म्हणाल्या. "मग मी मोठ्या शाळेत गेले. नेमका त्याच वर्षी तिथे नवा नियम आला. तास सुरू झाला आणि मुलगे उठून दुसऱ्या खोलीत गेले. त्यांना लाकूड आणि यंत्रं. आम्हाला पातेली. परत सगळे एका खोलीत यायला तीस वर्षं लागली. तोपर्यंत माझ्या वर्गातल्या त्या मुलग्यांची लग्नं होऊन पोरं मोठी झाली होती, आणि बायका दमल्या होत्या."

वरदाताईंनी हे ऐकून घेतलं. राग तेव्हा आला नाही. तो त्याच वर्षी नागपूरहून फोनवरून आला.

त्यांची आई गेली. दिवसवार झाले, पाहुणे पांगले, वरदाताई कावासाकीला परतल्या. घरात वडील एकटे उरले. मुरलीधरराव टेलिफोन खात्यातले. अख्ख्या एक्स्चेंजच्या तारा डोळे मिटून जोडतील असा माणूस. वरदाताईंनी सकाळी फोन केला.

"बाबा, चहा झाला?"

"झाला की."

"कोणी केला?"

मग म्हणाले, "बिस्किटं खाल्ली."

"आणि चहा?"

"अगं, गॅस पेटवला मी. पण साखर कुठे असते ते तुझ्या आईला..."

वाक्य तिथेच राहिलं. त्या दुपारी कुशल शाळेतून आला आणि म्हणाला, आई, बस, उठू नकोस. त्याने पाणी उकळलं, जरा निववलं, पानं मोजून टाकली आणि तीन कपांत थोडं थोडं करून असं ओतलं की प्रत्येक कपाचा रंग सारखा आला. घरकामाच्या तासाचा तिथला पहिला धडा तोच असतो. पाणी तापवायचं आणि दुसऱ्याला चहा द्यायचा. वरदाताईंनी तो चहा प्यायला, छान झालाय म्हणाल्या, आणि मग स्वयंपाकघराची फरशी गुडघ्यांवर बसून पुसायला घेतली. त्या वेळी राग कुणाचा आला होता, ते त्यांना सांगता येत नाही. वडिलांचा नव्हता. आईचा तर नव्हताच. रागाला पत्ता नव्हता. मुरलीधरराव पुढची वर्षं एकदा पुण्याच्या लेकाकडे, एकदा अमरावतीच्या लेकीकडे असे राहिले, आणि ज्याच्या घरी असतील त्याच्या वेळापत्रकाप्रमाणे भूक लावून घ्यायला शिकले. गेले तेसुद्धा कुणाची पंचाईत होऊ नये अशा बेताने, जेवणं उरकल्यावर.

रागाला पत्ता मिळाला तो लीड्समध्ये.

इथे वरदाताई एका सेकंडरी शाळेत फूड टेक्निशियन आहेत. म्हणजे बाई शिकवतात आणि वरदाताई सामान मांडून देतात, ओव्हन बघतात, नंतरची आवराआवर बघतात. कुशल आता ग्लासगोला असतो आणि त्याच्या फ्लॅटमधल्या तीन इंग्रज पोरांना डाळ करून घालतो, हे त्या दिवसातून एकदा तरी कुणाला तरी सांगतात. मंडळाच्या रविवारच्या शाळेत मुलांना बाराखडी आणि श्लोक शिकवायचे आणि मुलं खुर्चीवर वळवळत बसायची. वरदाताईंनी एक तास मागून घेतला. नऊ ते अकरा वर्षांची मुलं, मुलगे आणि मुली एकत्र, चर्चच्या किचनमध्ये. नाव ठेवलं घरकामाचा तास. कुणीतरी म्हणालं, जरा बरं नाव ठेवा, 'लाइफ स्किल्स' वगैरे. वरदाताई म्हणाल्या, घरात काम असतं, त्याला घरकाम म्हणतात.

पहिला धडा चहा. मग बटण लावणं. मग भात, आणि तो काचेच्या पातेल्यात. हे पातेलं त्यांनी कावासाकीहून मोज्यांत गुंडाळून आणलं होतं. तिथल्या शाळांत असंच असतं, म्हणजे मुलांना तांदूळ शिजताना दिसतो. आधी दाणे तळाशी गप्प पडून असतात. मग एकदोन उठतात. मग सगळं पातेलं नाचायला लागतं आणि फेस वर येतो. मुलं भोवती कोंडाळं करून बघतात, फोन विसरतात. "आता गॅस बारीक कर," वरदाताई म्हणतात, आणि जो करतो त्याच्या चेहऱ्यावर असा भाव येतो की जणू त्याने विमान उतरवलं. झाल्यावर खायचं, आणि खाल्ल्यावर ज्याने त्याने आपलं ताट घासून, पुसून, जागेवर ठेवायचं. हा नियम सुरीच्या नियमांहून कडक.

आता मंडळाचा सेक्रेटरी परीक्षित. फायनान्समधला हुशार माणूस, हॉलची किल्ली गेली सहा वर्षं त्याच्या खिशात. त्याचा आरव याच वर्गात. एका संध्याकाळी जेवणं झाली, परीक्षित सोफ्यावर जाऊन बसला, आणि आरव हातात फडकं घेऊन त्याच्यासमोर उभा राहिला. "बाबा, तुझा ताट राहिला." परीक्षितची बायको कस्तुरी हे सांगताना इतकी हसली की तिला खोकला लागला. परीक्षित हसला नव्हता म्हणे. तेव्हापासून त्याला या वर्गाबद्दल सेफगार्डिंगच्या, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेच्या, शंका येऊ लागल्या. तेवढ्यात त्या आजोबांना चक्कर आली.

त्याने सोमवारी मंडळाच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज फार गोड होता. वरदाताईंच्या योगदानाबद्दल आदर, खाली दोन हात जोडलेले. मग, ताज्या घटना पाहता ईस्टरनंतर छोटासा बदल. मुलींसाठी किचनमध्ये 'मराठी पाककला', वरदाताईंच्या मार्गदर्शनाखाली. मुलग्यांसाठी वरच्या खोलीत चेस आणि कोडिंग. रविवारी जेवणानंतरच्या सभेत ठराव. खाली अंगठ्यांचा पाऊस. वरदाताई ते अंगठे बघत खाली खाली गेल्या आणि एका अंगठ्यापाशी थांबल्या. तो नीनाचा होता.

नीना मंडळाची अध्यक्ष. मोठ्या हॉस्पिटलात हृदयाची कन्सल्टंट, आणि वरदाताईंची या गावातली पहिली मैत्रीण. वरदाताई ओटा अर्धा टाकून तिच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"तू अंगठा दाखवलास?"

"आत तरी ये."

"इथेच बरी आहे. दाखवलास का?"

"दाखवला," नीना म्हणाली. "आणि खरं विचारशील तर मला पूर्ण वर्गच बंद झालेला चालेल. सोलापूरला माझी आई म्हणायची, आधी पोळ्या लाट, मग मेडिकलची पुस्तकं उघड. भाऊ शेजारच्या खोलीत अभ्यास करायचा. I got out, वरदा. आणि तू इथे लीड्समध्ये मुलींना पुन्हा ॲप्रन बांधतेस."

"मुलग्यांनाही बांधते."

"घरचं घरी शिकतात गं मुलं."

"घर मुलीला शिकवतं. मुलाला वाढतं." वरदाताईंचा आवाज तसाच, दूधवाल्याशी बोलावं तेवढाच. "तुझ्या भावाला कोणी शिकवलं? माझ्या बाबांना? तू बाहेर पडलीस, छान झालं. तू बाहेर पडलीस म्हणून तुझा भाऊ आत गेला का? तुझ्या जागी वहिनी आली. आता तुम्ही मुलगे वर पाठवताय. म्हणजे खाली मुली उरल्या, आणि तेव्हा तुझं म्हणणं खरं होईल. मग तो खरंच पोळ्या लाटायचाच वर्ग होईल. आणि तो मी घेणार नाही."

"सोडशील?"

"पातेलं घेऊन घरी येईन."

वरदाताई घरी आल्या आणि त्यांनी फ्रिजमागची जागा साफ केली. गिरीशने त्या रात्रीचं जेवण उभ्याउभ्याच उरकलं, बसून कशाला नजरेत यायचं.

आता मंडळाची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मंडळाने पर्यावरणासाठी कागदी प्लेट्स बंद केल्या आणि पुण्याहून स्टीलची ताटं मागवली. ठराव पुरुषांनी मांडला, पुरुषांनी मंजूर केला, टाळ्या झाल्या. तेव्हापासून दर कार्यक्रमाला पुरुष मंडळी कुर्ते घालून पंगतीत वाढतात. मठ्ठ्याची बादली घेऊन फोटो निघतात आणि वेबसाइटवर जातात. जेवणं झाली की टेबलं तशीच ठेवून सभा सुरू होते, आणि नेमक्या त्याच वेळी बायका एकेक करून ताटं उचलून किचनमध्ये जातात. नीना तेवढी अध्यक्ष म्हणून बसलेली. म्हणजे मंडळाचा आजवरचा प्रत्येक ठराव झाला तेव्हा बायका सिंकपाशी होत्या. हे कुणी ठरवून केलेलं नाही. कुणाच्या लक्षातही आलेलं नाही. वरदाताईंच्याही आलं नव्हतं, कारण त्याही तिथेच असायच्या, फडकं घेऊन.

त्या रविवारी त्या उठल्या नाहीत. बोलायचं होतं म्हणून टेबलाशी बसून राहिल्या. मुलं वर सिनेमा बघत होती. मसालेभात झाला, जिलबी झाली. परीक्षितने घसा साफ करून ठराव वाचला.

वरदाताईंनी ओगुरा-सानांची गोष्ट सांगितली. तीन 'नव्हे' सांगितले, बोटांवर मोजून. सगळ्यांनी आदराने ऐकलं. आपल्या लोकांना दुसऱ्या देशाची गोष्ट आदराने ऐकता येते.

"ताई, जपानचं सगळं ग्रेटच आहे," परीक्षित म्हणाला. "पण मुलांना पुढे GCSEच्या परीक्षा द्यायच्यात. या तासाची परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही. मुलग्यांना त्यात इंटरेस्टही नसतो."

"आरवला विचारलंस?"

"आरव लहान आहे, ताई."

"त्या मुलग्यांना परत खोलीत यायला तीस वर्षं लागली, परीक्षित. आणि तू आपल्या मुलग्यांना एका अंगठ्याने वर पाठवतोस."

तेव्हा नीनाने हात वर केला आणि बोलायला लागली. चांगलं बोलते ती. सोलापूरचं सांगितलं, आईचं सांगितलं. म्हणाली, मी या प्रश्नाकडे एक बाई म्हणून बघते, आपल्या मुलींचे हात या कामातून मोकळे राहिले पाहिजेत. आणि हे म्हणता म्हणता तिचा उजवा हात शेजारी गेला. परीक्षितचं ताट तिने उचललं. त्यातली जिलबीची कड आणि मिरचीचं देठ आपल्या ताटात लोटलं, एकावर एक ताट ठेवलं, आणि तिसऱ्याकडे हात नेला. वाक्य कुठेही अडलं नाही. परीक्षितही अडला नाही. त्याचे डोळे फोनवर होते. ताट उचलताना तो फक्त जरासा उजवीकडे कलला, उचलणाऱ्याच्या हाताला जागा करून द्यायला.

ते कलणं वरदाताईंनी पाहिलं.

"नीना, ते ताट खाली ठेव."

"कुठलं?"

"हातातलं."

नीनाने हाताकडे पाहिलं. दुसऱ्याच कुणाचा हात असावा तसं.

"सवय गं," ती म्हणाली.

"माहितीये. ठेव. परीक्षित, तू का कललास?"

"मी? कुठे?"

"नीनाने ताट उचललं तेव्हा. डोळे फोनवर आणि खांदा बाजूला. किती सफाईने केलंस. हे तुला कुठल्या शाळेत शिकवलं? याची परीक्षा होती का, सर्टिफिकेट मिळालं?"

कुणी हसलं नाही. मागे कस्तुरी आणि आणखी तिघीजणी हातात ताटांचे ढीग घेऊन किचनच्या दाराशी पोचल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या.

"कस्तुरी, ठेव ते आणि इकडे येऊन बस," वरदाताई म्हणाल्या. "सगळ्याच बसा. आज ज्याचं ताट तो उचलेल."

"ताई, आधी ठराव घेऊ," परीक्षित म्हणाला. "भांड्यांचं नंतर बघू."

"नंतर कोण बघतं?"

"ताई, तीनला झुंबावाले येतात, हॉल सोडायचाय."

"मग लवकर ऊठ."

कुणी उठलं नाही. हॉलमध्ये ताटं पडून राहिली, त्यांत मठ्ठा वाळू लागला. पुरुष एकमेकांकडे बघू लागले, जसं बसमध्ये कुणाचा तरी फोन वाजत असताना बघतात. नीना हात मांड्यांखाली दाबून बसली होती. खरंच. नुसते मांडीवर ठेवले असते तर ते ताटांकडे गेले असते. वरदाताई समोर सरळ बसलेल्या, आणि त्यांच्या पुढ्यात पुसायला ओटा नव्हता, एवढंच त्या वेळी त्यांचं दुःख होतं. धरमपेठेतल्या त्या स्वयंपाकघरात साखरेचा डबा कुठे होता, ते त्यांना त्या क्षणी अगदी स्पष्ट आठवत होतं. खालून दुसरा खण, निळ्या झाकणाचा. मुरलीधररावांच्या हातापासून वीतभर लांब.

दारातून हॉलच्या केअरटेकर मॉरीनबाई डोकावल्या.

"एव्हरीथिंग ऑल राइट, लव्ह?"

"ऑल राइट, मॉरीन. द जेंटलमेन आर अबाउट टु वॉश अप."

मॉरीनबाईंनी सहा वर्षं या मंडळाची जेवणं पाहिली होती. त्यांनी एक खुर्ची ओढली आणि बघायला बसल्या.

शेवटी परीक्षित उठला. ताट हातात घेतलं, दोन पावलं टाकली, थांबला, उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. हॉलची किल्ली खिशात असलेला माणूस.

"सिंक नक्की कुठे आहे?"

पहिली हसली कस्तुरी. "उजवीकडचं दार. आणि गरम पाण्याला निळा नळ फिरव, तिथले नळ उलटे बसवलेत." हे ऐकताना चारपाच बायकांनी मान डोलावली. निळा नळ गरम, हे लीड्समधल्या प्रत्येक मराठी बाईला ठाऊक आहे.

मग गिरीश उठले. मग बाकीचे. घरी ज्यांना सवय होती ते पटकन उठले आणि इतके दिवस इथे का उठलो नाही असा चेहरा करून गेले. किचनमधून पाण्याचा, ताटांचा आणि एकमेकांना सूचना देण्याचा आवाज येऊ लागला. आणि इकडे टेबलाभोवती, मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा, सगळ्या बायका बसलेल्या होत्या.

नीनाने ठराव पुन्हा वाचला. "माझं मत बदललेलं नाही," ती म्हणाली. "मला या वर्गाची अजून भीती वाटते. पण मुलगे वर गेले तर जास्त वाटेल." मग तिने हात वर करायला सांगितले. ठराव पडला. पुरुषांची मतं किचनच्या दारातून आली, ओल्या हातांनी, त्यातली काही वरदाताईंच्या बाजूची होती. एक अट मात्र लागली. सुरीचा तास असेल त्या दिवशी आणखी एक मोठं माणूस हजर हवं.

"बाप लोकांनी पाळीपाळीने यावं," वरदाताई म्हणाल्या. "पहिली पाळी सेक्रेटरींची."

जिंकल्यावर माणसाने जरा खूश व्हावं. वरदाताई घरी आल्या, कोट काढला आणि किटली उचलून तिच्याखालून पुसू लागल्या. गिरीशने भीत भीत विचारलं, आता काय झालं? त्या म्हणाल्या, ताटं ओली रचलीत तुम्ही.

सोमवारी मँचेस्टरच्या मंडळाच्या सुमनताईंचा फोन आला. बातमी पोचलीच होती. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, वरदा, तू म्हणे भर सभेत एवढ्या मोठ्या डॉक्टरबाईला सगळ्या मंडळाची भांडी घासायला लावलीस?

वरदाताई म्हणाल्या, "लावली नाहीत. घासू दिली नाहीत. तिला विचारा, कशाने जास्त दमली."